सही माझीच आहे

मी, गिदोन भिकाजी भिंगारदिवे, वय ७३, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार मौजे निमखेड, तालुका नगर, जिल्हा अहिल्यानगर, आज सोमवारी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉ. धनश्री लोंढे यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, असे या ठिकाणी लिहायची रीत आहे. मी लिहितो की दबाव आहे, पण हे मृत्युपत्र करण्यासाठी नाही. तो दुसऱ्याच एका कागदासाठी आहे आणि त्याचा खुलासा कलम चारमध्ये येईल. वकीलसाहेब हे वाक्य खोडायला निघाले होते. मी खोडू दिले नाही.

कलम १. निमखेड गावठाणातील माझे राहते घर, पत्र्याच्या पडवीसह, मुलगा सॅम याला मिळावे. यास अट आहे, ती कलम सहामध्ये. सॅम हा आप्पासाहेब थेटे यांच्या शिक्षण संस्थेत शिक्षक असून सावेडीला फ्लॅटमध्ये राहतो. एरवी त्याचा फोन नाताळाला आणि माझ्या वाढदिवसाला येतो. शुक्रवारपासून रोज चार वेळा येतो आहे.

कलम २. पोस्टातली सर्व रक्कम मुलगी एस्तेर हिला. ती पुण्याला नर्स आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण आमच्या घरात न घाबरणारी तेवढी एकच आहे. ते तिने आईकडून घेतले, माझ्याकडून नव्हे. माझी पत्नी दया हिची बाजाची पेटी गावच्या चर्चला द्यावी. चर्च कमिटीने ती मागे एकदा उपासनेसाठी म्हणून नेली आणि दोन वर्षांनी भाता फाडून परत आणली. तरीही द्यावी, दयाची तशी इच्छा होती. भाता मात्र कमिटीने स्वखर्चाने बसवावा.

कलम ३. माझी सायकल शेजारच्या आसारामला. येथे नोंद करून ठेवतो की कमरेच्या दुखण्यामुळे मी चार वर्षांत सायकलवर बसलेलो नाही. विहिरीच्या बाजूला मी जात नाही, मला पोहता येत नाही. गोळ्या सकाळी एक आणि रात्री एक अशा दोनच घेतो. यापेक्षा वेगळे काही कोणी सांगू लागले तर एस्तेरने ते ऐकून घेऊ नये. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये रीतसर तपासणी झाल्याशिवाय मला मातीआड करू नये.

कलम ४. आता तो कागद.

सन २०१२ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत आमच्या गटातून आप्पासाहेबांविरुद्ध माझा मित्र मच्छिंद्र वाकळे याने अर्ज भरला. अर्जावर एक सूचक लागतो, म्हणजे या माणसाला उभे करावे असे सांगून सही करणारा मतदार. ती सही मी केली. छाननीच्या आदल्या दिवशी भिमाजी, आप्पासाहेबांचा माणूस आणि माझाच विद्यार्थी, पांढरी गाडी घेऊन आला. मला कोणी हात लावला नाही. ढाब्यावर जेवू घातले, मटण माझ्या ताटात आधी वाढले. सॅमच्या नोकरीची ऑर्डर टाइप करून तयार होती, तिच्यावर फक्त आप्पासाहेबांची सही व्हायची होती. दुसऱ्या दिवशी निवडणूक अधिकाऱ्यांसमोर उभे राहून मी सांगितले, "ही सही माझी नाही." अर्ज बाद झाला. संध्याकाळी टीव्हीवर आप्पासाहेब बोलले की आमच्या गटाने बिनविरोध निवडणूक करून महाराष्ट्रासमोर आदर्श ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या फोटोत त्यांच्या मागे हार घातलेला मी दिसतो. ते कात्रण माझ्या पेटीत आहे, ते सॅमने घ्यावे आणि हॉलमध्ये लावावे.

मी चोवीस वर्षे त्या गावात शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर सह्या केल्या. निमखेडात असे घर नाही की ज्याच्या ट्रंकेत माझी सही नाही. त्यामुळे मी खोटे बोललो हे गावाला समजावून सांगावे लागले नाही. मच्छिंद्र त्या रात्री पडवीत आला, बसला नाही. म्हणाला, "गुरुजी, माज्या पोरीच्या दाखल्यावर बी हीच सही हाय. मंग तो दाखला बी खोटाच का?" पुढची नऊ वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, तो माझ्याशी बोलला नाही. मी त्याच्या मातीला गेलो होतो. पाणी द्यायला पुढे व्हायची माझी हिंमत झाली नाही.

ती पोरगी म्हणजे ज्ञानेश्वरी. तिने या वेळी आप्पासाहेबांविरुद्ध अर्ज भरला आहे. गुरुवारी ती घरी आली आणि कोरा अर्ज माझ्यापुढे ठेवला. मी म्हणालो, "बाळ, गावात दुसरं कोणी मिळालं नाही का?" ती म्हणाली, "मिळालं असतं, सर. पण मला तुमचीच सही पाहिजे. ती दुसऱ्यांदा नाकारायला तुम्हाला जड जाईल." मी चष्मा पुसला आणि सही केली. सगळी अक्षरे पूर्ण लिहिली, शेवटचा फराटासुद्धा.

छाननी परवा, बुधवारी आहे. शुक्रवारपासून पांढरी गाडी माझ्या घरासमोरच्या लिंबाखाली उभी असते. भिमाजी सफरचंदे घेऊन आला. पाया पडला. बीपीच्या गोळ्या कोणत्या, कुठे ठेवता, रात्री दाराला कडी लावता की नुसतेच ओढून घेता, असे सगळे आपुलकीने विचारले. मग खिशातून स्टँप पेपर काढला. अर्जावरची सही माझी नाही, असे त्यावर टाइप केलेले आहे आणि खाली मी सही करायची आहे. म्हणाला, "गुरुजी, घाई न्हाई. बुधवारी सकाळी मीच गाडी घिऊन येतो. या वयात येष्टीत कशाला धक्के खायचे?" सफरचंदे मी शेजारच्या शेळीपुढे टाकणार होतो. मग शेळीची काळजी वाटली आणि पुरून टाकली.

सॅम फोनवर म्हणतो, "पप्पा, माझी बदली अकोले तालुक्यात, डोंगरात काढतायत. एका सहीचं काय घेऊन बसलात?" त्याचे चुकत नाही. एका सहीला किंमत नसते हे त्याला मीच शिकवले आहे.

कलम ५. आप्पासाहेबांना त्यांचा आदर्श शिक्षक पुरस्कार परत करावा. शील्ड कपाटावर आहे. शाल उंदरांनी कुरतडली आहे, ती तशीच घडी करून द्यावी. माझ्या मरणाचा फ्लेक्स गावात लागल्यास त्यावर माझ्या फोटोशेजारी त्यांचा हात जोडलेला फोटो नसावा. कबरीजवळ त्यांना बोलू देऊ नये. ते फार चांगले बोलतात आणि लोकांना खरे वाटते.

कलम ६. हे सर्वांत महत्त्वाचे कलम आहे. मला मरणाची भीती वाटते, पण त्याहून जास्त मला माझी भीती वाटते. मला मारायची गरजच नाही. मी एकदा एका जेवणात आणि एका ऑर्डरीत विकला गेलेला माणूस आहे. म्हणून आज, डोके ठिकाणावर असताना, लिहून ठेवतो की ज्ञानेश्वरी मच्छिंद्र वाकळे हिच्या अर्जावरची सूचकाची सही मी केलेली आहे. बुधवारी मी स्वतः अधिकाऱ्यांसमोर येऊन नाही म्हणालो, रडून म्हणालो, शपथेवर म्हणालो, तरी ते धरू नये. ते मी नव्हे, माझी भीती बोलत असेल. मी त्या स्टँप पेपरवर सही केलीच, तर कलम एकमधले घर सॅमला न मिळता गावच्या शाळेला जावे. सॅमला हे मी सकाळी कळवले आहे. त्याने फोन ठेवून दिला. या दस्ताची एक नक्कल आजच ज्ञानेश्वरीकडे जाईल. इथल्या साहेबांसमोर केलेली सही अर्जावरच्या सहीशेजारी ठेवून कोणीही पाहावी.

कलम ७. मच्छिंद्रची पत्नी रतनबाई आज माझी साक्षीदार आहे. तिला काहीतरी द्यावे असे मनात होते, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकीलसाहेब सांगतात. ती म्हणाली, "मला काय नको गुरुजी. सही करायची म्हनून आले." साक्षरता वर्गात तिला नाव लिहायला मीच शिकवले होते. २०१२ नंतर ती वर्गाला आली नाही. मला वाटले होते, विसरली असेल.

हे लिहीत असताना भिमाजी जिना चढून वर आला आहे. आम्ही इथे आहोत हे त्याला कोणी सांगितले, ठाऊक नाही. म्हणाला, "झालं का गुरुजी? गाडी खालीच हाय. घरी सोडतो." मी काही बोलायच्या आत रतनबाई म्हणाली, "आमी दोघं चालत जानार हाय, स्टँडपर्यंत." तो म्हणाला, "गुरुजींची कंबर धरती, मावशी. ऊन हाय." ती म्हणाली, "हळूहळू जाऊ. तू ये की गाडी घिऊन मागून." तो दारात तसाच उभा आहे. आमचा नंबर पुकारला आहे.

ठिकाण: अहिल्यानगर
दिनांक: १९ जानेवारी २०२६

मृत्युपत्र करणार: गिदोन भिकाजी भिंगारदिवे
(सही माझीच आहे.)

साक्षीदार:
१. डॉ. धनश्री लोंढे, भिंगार. माझ्यासमोर सही केली. डोके शाबूत आहे.
२. रतनबाई मच्छिंद्र वाकळे, निमखेड. कारकुनाने अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला, तो बाजूला सारून स्वतः सही केली.