कच्च्या टाक्यावर

३ मार्च

नातीला पहिला दात आला! आणि यांचा रक्ताचा रिपोर्टही आजच आला. आकडा वाढलाय. हसू की रडू?

यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, लहान आहे, संथ आहे, कापाकापीची घाई नको. अधूनमधून तपासू, लक्ष ठेवू. हे पडले शिंपी. म्हणाले, "म्हणजे मला कच्च्या टाक्यावर ठेवलंय. पक्की शिलाई लागलीच तर नंतर." किती हसले होते मी!

आज मुलगा म्हणाला, "बाबा, डोक्याला घोर कशाला? काढून टाका एकदाचं. या वयात काय करायचंय त्याचं?" सूनबाई खाली बघायला लागली. मीही. हे म्हणाले, "बरं."

नुसतं बरं! बाही बोटभर आखूड झाली म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुपारभर हुज्जत घालणारा माणूस!

५ मार्च

दात बोटाला टोचतो. मी मुद्दाम पुन्हापुन्हा बोट घालते.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. रक्त घेणाऱ्या पोरीनं त्या दिवशी विचारलं होतं, "आजोबा, दोन दिवसांत आजींजवळ नाही ना गेलात? आकडा उगाच वाढतो." मुलगा शेजारीच उभा. हे म्हणाले, "छे गं, काहीतरीच! या वयात?" मीही तोंडावर हात धरून हसले.

आदल्या दिवशी भरदुपारी दुकान बंद करून हे घरी आले होते. घरात कोणी नव्हतं. पुढचं कागदालासुद्धा सांगवत नाही.

६ मार्च

काय ही लाज! चौथी नापास बाई मी, पण एवढं कळतं — खोट्या मापावर कापड कापायला निघालेत सगळे.

आणि खरं सांगू? ऑपरेशननंतर लघवी गळू शकते, 'ते' जमेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा लघवीचं काही वाटलं नाही. दुसऱ्याचीच धास्ती वाटली. बाई आहेस की कोण! नवऱ्याच्या जिवावर बेतलंय आणि तुला हे सुचतंय?

८ मार्च

दुकानात काज करता करता विषय काढला. "अहो, डॉक्टरांना खरं सांगून टाका ना."

"पोरासमोर? त्यापेक्षा मेलेलं बरं."

"मरायचंच होतं तर तपासण्या कशाला केल्या?"

टेप गळ्यात तसाच. मग हळूच म्हणाले, "तुला भीती वाटते म्हणून हो म्हणालो मी. माझं काय!"

मला? मला विचारलं कुणी? काज वाकडं झालं. उसवलं.

११ मार्च

सांगितलं!! मुलगा डॉक्टरांकडे ऑपरेशनची तारीख मागत होता, तोच मी बोलून गेले — "डॉक्टर, रक्त दिलं त्याच्या आदल्या दिवशी आम्ही... एकत्र होतो."

मुलगा भिंतीवरचा तक्ता बघायला लागला. नुसत्या नळ्या रंगवलेल्या, काय एवढं वाचत होता देव जाणे! डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, आजी. पुन्हा रक्त बघू. गरज वाटली तर तुकडा काढून तपासू. मग ठरवू."

यांचे कान लालभडक. परतताना बसमध्ये माझ्या शेजारी बसले नाहीत.

१२ मार्च

बोलत नाहीत. सुनेनं मात्र न सांगता चहा आणून दिला, आणि गालात हसली मेली!

२० एप्रिल

आकडा उतरला नाही. तुकड्यातही आजार वाढलेला निघाला. म्हणजे आमच्यामुळे नव्हतंच ते.

यांनी आधी मला विचारलं, सगळ्यांदेखत. मी म्हटलं, "मला तुम्ही हवेत. बाकीचं बघू." मग डॉक्टरांना म्हणाले, "घाला पक्की शिलाई." तारीख मिळाली.

घरी आल्यावर मुलाला म्हणाले, "पोरीला जरा बाहेर फिरवून आणा दोघं. दुपारभर घर मोकळं हवंय आम्हाला."

मुलानं नातीला कडेवर घेतलं. सुनेनं जाताना दार ओढून घेतलं.