माश्यांच्या पोटातली राखण

१२ एप्रिल
आजही पोटं रिकामी! दादाच्या बागेतून धरून आणलेल्या रानटी मधमाश्या – पोटात जे जिवाणू हवेत ते जवळजवळ नाहीतच. ओढ्यापलीकडच्या माळावरच्या माश्यांत मात्र भरपूर. माझंच काही चुकलं असेल म्हणून तपासणी पुन्हा लावली. तेच.
माशी दिसायला धडधाकट. उडते, फुलावर बसते. पण साधा आजार आला की गेलीच, आत राखण करणारं कुणी उरलेलं नाही.

१५ एप्रिल
दादाकडे गेले. तणनाशक बंद कर म्हणाले. त्यानं डबा आणून समोर ठेवला, माश्यांना धोका नाही असं छापलेलं दाखवलं. खोटं नाही ते! माशीला औषध मारत नाहीच. तिच्या पोटातल्या जिवाणूंना मारतं, तणाला मारतं त्याच रीतीनं. हे समजावताना माझं मलाच शब्दांचा खेळ केल्यासारखं वाटलं.
त्यानं डबा उचलून कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाला, "तू म्हणतेस तर बंद."
वहिनी चहाचे कप उचलून आत निघून गेली.

२ मे
मजूर मिळत नाहीत. दादा स्वतःच खुरपं घेऊन झाडांच्या ओळींतून सरकत होता. उठताना खोडाला धरून उठतो. मी पाहिलं.

२० मे
फोनवर पाठ कशी आहे विचारलं. आहे जागेवर, म्हणाला.

१८ जून
बागेतल्या नव्या माश्या तपासल्या. पोटं पुन्हा रिकामी. फुलांवर तणनाशकाचा अंश सापडला. ताजा.
विभागप्रमुख खूश – निष्कर्ष अगदी ठळक आलेत म्हणे.

१९ जून
विचारायला नको होतं. विचारलं. मधून मधून औषध मारतोस का रे?
दादानं आवाज चढवला नाही. खुरपं खाली ठेवलं. "मी तुला शब्द दिला होता," एवढंच म्हणाला. फाटकापर्यंत सोडायला आला नाही. असं कधीच झालं नव्हतं.

२३ जून
फोन उचलत नाही.

२८ जून
आजही नाही. माळावर जाळी घेऊन नुसती बसून राहिले. एकही माशी धरली नाही.

४ जुलै
वहिनी प्रयोगशाळेच्या दारात! आत यायला तयार नाही. तिथंच उभ्या उभ्या सांगून टाकलं – दुपारी दादा आडवा झाला की फवारणी ती करते. त्याचं कण्हणं तिला ऐकवत नाही.
"ह्यांनी खुरपलेल्या ओळींवरच मारते, म्हणजे कळत नाही. गवत परत येत नाही म्हणून इतके खूश असतात, ताई! म्हणतात, हात अजून चालतोय माझा. त्यांना सांगू नका."
मी बरं म्हणाले.