विहिरीच्या पाण्याचा निकाल

कोपर, डोंबिवली
मंगळवार, १३ जानेवारी २०२६

अ‍ॅड. मयूर यांस,

नमस्कार. घरी सगळे बरे असतील. आमच्याकडेही ठीक आहे. आधी झालं ते क्रमाने लिहिते.

१. ७ डिसेंबरला तुम्ही आईवडिलांसह मला पाहायला आलात.

२. चहा येईपर्यंत आमच्या पाण्याच्या पंपाचा आवाज ऐकून तो बिघडल्याचं सांगितलंत. तो बिघडला होता.

३. स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलंत, तांदळाची भाकरी हातावर थापताना तुटत कशी नाही.

४. माझ्या आजीबरोबर मागच्या विहिरीवर गेलात. मिठागरात मीठ ओढायची वेळ झाली हे कसं कळायचं, ते तिच्याकडून ऐकलंत. विहिरीचं पाणी चाखलंत, एक बाटली भरून माझ्या हातात दिलीत. "यात मीठ किती, तुमच्या लॅबमध्ये कळेल का?"

५. त्या दिवशी मला विचारलेला हा एकच प्रश्न.

६. तुमच्याकडून होकार किंवा नकार अजून आलेला नाही.

आमच्या लॅबमध्ये वजनकाटे आणि प्रेशर गेज तपासतात, पाणी नाही. हे मी तेव्हा बोलले नाही. बाटली शेजारच्या लॅबमध्ये दिली.

तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, "वकील होता की जनगणनेवाला?" आजी म्हणाली, "पोऱ्या बरा हाय. पन कवरा इचारतंय! पानी, मीठ, भाकर... आपले पोरीला काय इचारलाच नाय."

तेव्हापासून तुमचे मेसेज रोज येतात. कल्याण कोर्टाच्या छपरावरची कबुतरं दुपारी कुठे जातात. विठ्ठलवाडीला चपला शिवणारे काका पिवळाच दोरा का वापरतात. चोरीच्या खटल्यातल्या अशिलाकडून तुम्ही कुलूप उघडायला शिकलात. तो निर्दोष सुटल्यावरच शिकलो, हेही कळवलंत. मी मोजकी उत्तरं दिली. वजनकाटा 'बरोबर' कधी ठरतो, हे विचारलंत तेव्हा मात्र लांब लिहिलं. कुठलाच काटा बरोबर नसतो. तो किती चुकतो आणि ते आम्हाला किती खात्रीने माहीत आहे, एवढंच आम्ही लिहून देतो. तुमचं उलट उत्तर आलं, "साक्षीदारांनाही असं सर्टिफिकेट हवं!" मी लॅबमध्ये एकटीच हसले.

हे मेसेज घरी कोणाला माहीत नाहीत. घरी इतकंच माहीत आहे की निरोप आला नाही. तुमचं स्थळ सुचवणारे महेंद्रकाका परवा बाबांना म्हणाले, "नाथाशेठ, महिना झाला. नाही म्हणायला लाजतायत ते. शहाडचा मुलगा आहे, येत्या रविवारी आणतो." बाबा हो म्हणाले. मी तिथेच होते. 

तुम्ही एकदा लिहिलं होतं की नोटिशीला उत्तर आलं नाही तर कधी कधी त्यातलं म्हणणं मान्य आहे असं धरतात. कदाचित रोज लिहितोय म्हणजे हिला कळलंच असेल, असं तुम्ही धरलं असेल. आमच्या घरात गप्प राहणं म्हणजे नकार. यातलं मी काय धरावं, ते मला ठरवता येत नाही. आणि अंदाजावर मी सही करत नाही.

एक गोष्ट नोंदवते. परवा खाडीच्या बाजूला सगळे बगळे एकाच दिशेला तोंड करून उभे होते. कारण मी शोधलं नाही. तुम्हाला विचारायचं म्हणून ठेवलं. असं बरंच साठलं आहे. पूर्वी मी वाटेत थांबत नसे. शहाडच्या मुलाला हे विचारता येणार नाही.

मेसेज केला असता तर तुम्ही बगळ्यांचं उत्तर दिलं असतं आणि बाकीचं राहिलं असतं. म्हणून कागदावर लिहून कुरिअरने पाठवते आहे.

पाण्याचा निकाल आला आहे. तुमचा नकार असला तरी पाठवीन. प्रश्न तुमचा होता. माझा प्रश्न वेगळा आहे. मी तुम्हाला हवी आहे का?

उत्तर शनिवार, १७ तारखेपर्यंत द्यावं. महेंद्रकाकांना नको, मला.

दिशा