दामोदरचा वकील

बेंगळूर,
१२ नोव्हेंबर १९९५

चि. दामोदर यास थोरल्या भावाचे आशीर्वाद.

येथे माझी प्रकृती ठीक आहे. गुडघे मात्र हुकूम मानीत नाहीत. आतेभाऊ संताजीच्या घरी तुझी झोप व औषधे वेळेवर होत असतीलच. आनेकलला थंडी अधिक, कानाला मफलर बांधीत जा.

माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. तरीही कायद्याविषयी मला जिज्ञासा उत्पन्न झाली आहे. मनोरुग्णास इस्पितळातून सुटकेचा अर्ज स्वतः करता येतो, आणि त्याच्यापाशी पैसे नसल्यास न्यायालय त्याला सरकारी खर्चाने वकील देते, हे तू अर्ज करीपर्यंत मला ठाऊक नव्हते. थोरला भाऊ हयात असता परक्या मुलीने तुझी बाजू मांडावी, याचा प्रथम मला राग आला. तुझ्या वकील भव्याबाईंना मी स्पष्टच विचारले, "आपण इस्पितळाच्या की आमच्या घराच्या?"

त्या म्हणाल्या, "अज्जा, मी फक्त दामोदररावांची."

असे फक्त एकाचेच कसे होता येते, याचा मी अजून विचार करतो.

न्यायालयात साहेबांनी तुला विचारले, "सुटल्यावर कोठे राहणार?" धाकट्याला विचारले की थोरल्याने उत्तर द्यावे, ही आपल्या घरची रीत. मी उठून म्हणालो, "माझ्या घरी."

"वकील तुम्ही की त्या?" साहेब म्हणाले.

त्यावर तू हसलास. "अण्णा लहानपणापासून माझेच वकील, साहेब. फी म्हणून माझा लाडू खात."

सारे हसले. मग तू शांतपणे म्हणालास, "आनेकलला, आतेभावाकडे. त्याच्या रेशमाच्या किड्यांना पाला घालीन."

मी तुझ्यासाठी खोलीला चुना दिला होता, नवी गादी भरून घेतली होती. भव्याबाई आधी ती खोली पाहून गेल्या होत्या. दाराची कडी बाहेरच्या बाजूस का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "काळजीपोटी." त्यांनी हे तुला सांगितले काय? की न सांगताच तू ओळखलेस? रागाने विचारीत नाही. खरोखर जाणून घ्यावयाचे आहे.

कडी आता सुताराकडून आतून बसवून घेतली आहे. तू ये, असे मी म्हणत नाही.

किडे तुतीचा पाला खातात तेव्हा घरभर आवाज होतो, असे संताजी सांगतो. तो मला एकदा ऐकावयाचा आहे. मी यावे काय? होय किंवा नाही, तूच लिही. संताजीकडून निरोप नको.

तुझ्या परवानगीवाचून आनेकलची बस न धरणारा,
तुझा अण्णा,
पद्माकर