लेबर रूममधली उघडी कपाटं

३ फेब्रुवारी
झालं! आजपासून रिहे गावातल्या आमच्या रुग्णालयात बाळंतिणीसोबत घरची एक बाई लेबर रूममध्ये येऊ शकते. संचालक झाल्यावरची माझी पहिली ऑर्डर. वाडीवरच्या बायका इथे यायचं टाळतात, कारण एकच – "आत येकटीला ठेवत्यात." आमच्या इथले डॉ. निरंजन म्हणाले, "मॅडम, बाजार होईल." होऊ दे!

११ फेब्रुवारी
वाडीवरून आणखी एक बाळंतीण आली. मला गुदगुल्या!

१६ फेब्रुवारी
आज मात्र डोकं फिरलं. वाडीवरची राणी अडली होती. सोबत सासू, कोंडाबाई. सिस्टर राणीपाशी गुंतलेली, तेवढ्यात या बाईंनी खोलीतलं एकूण एक कपाट उघडलं. औषधांचंसुद्धा – किल्ली कुलपालाच होती! वर निर्जंतुक केलेल्या कपड्यांच्या गाठी सोडल्या. सगळं वाया. मी ओरडलेच.

ती शांत. "पोरगी अडल्याली, अन् तुमी समद्याला कुलपं लावून बसलाय व्हय? मोकळं केलं की बाई सुटती."

राणी सुटली, मुलगा झाला. औषधाने, कुलपं उघडल्याने नव्हे! पण निरंजनने ट्रस्टकडे तक्रार केलीच.

१८ फेब्रुवारी
अध्यक्ष बंडोपंतांचा फोन. आवाज गोड. "परवाच्या सभेत ऑर्डर तुम्हीच मागे घ्या. नाहीतर आम्हाला दुसरा संचालक बघावा लागेल."

इथली पहिली बाई संचालक मी. मी पडले, तर पुढची कितीतरी वर्षं 'बाईला बसवून पाहिलं' हेच ऐकवतील. मागे घेणार. भित्री आहे का मी? असेन. वाईट वाटतंय, खूप.

२० फेब्रुवारी, सकाळ
आजची सभा सोडून पुण्यात आहे, हॉस्पिटलच्या बाकावर. माझ्या जान्हवीला पहाटे कळा सुरू झाल्या. मघाशी आतून तिची हाक आली – "आई!" मी धावले. दारातच अडवलं. म्हटलं, मी डॉक्टर आहे, संचालक आहे. "मॅडम, नियम आहे."

बसले. थोड्या वेळाने जावई दचकून म्हणाला, "आई, हे काय करताय?"

पर्सची चेन उघडी. डब्याचं झाकण काढलेलं. अंबाडा सुटलेला. आणि मी वाकून त्याच्या बुटाची नाडी सोडत होते.

"पाय हलवू नकोस, कौस्तुभ," म्हटलं. "आणि बंडोपंतांना फोन लाव. ऑर्डर मागे घेत नाही म्हणावं."