आवाजघर

५ डिसेंबर, बेलापूर

नोकरी लागली आणि आठवड्यात गावही बदललं! शिकले पुण्यात, मुलाखत मुंबईत, घर बार्शीला आणि नेमणूक नगरकडच्या कोल्हारला. आई म्हणाली, एवढी मोठी गाण्यांची कंपनी, तुला उसात कशाला पाठवतेय? मी म्हटलं, अगं, गाणी ऐकणारी माणसं उसातच आहेत. हे वाक्य खरं माझ्या साहेबांचं, करणसरांचं. मुलाखतीत त्यांनी ते असं काही म्हटलं की मी लगेच हो म्हणून टाकलं.

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. रुजू होतानाच गुप्ततेच्या चार कागदांवर सह्या घेतल्यात. ऑफिसचं सगळं ॲपमध्ये नोंदवायचं असतं, म्हणून माझं माझं असं या वहीत.

कोल्हारात खोली मिळेना, तेव्हा बेलापुरात मुबारकबींच्या माडीवर राहतेय. स्कूटीवर पाऊण तास लागतो, पण रस्ता छान आहे, दोन्हीकडे ऊस. मुबारकबी सत्तरीच्या, एकट्याच असतात. पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारले. मटण खातेस का, आणि मोठ्याने हसतेस का? दोन्हीला हो म्हटलं. मग म्हणाल्या, "राहा बेटी. हे घर लई गप झालंय."

७ डिसेंबर

ऑफिस म्हणजे नगर-मनमाड रस्त्यावर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्याच्यावरच्या दोन खोल्या. एकीत माझं टेबल आणि स्पीकर. दुसरीत टेलिफोन बूथएवढी लाकडी केबिन, आतून काळा फोम, मधोमध एक माइक. कंपनी तिला 'आवाजघर' म्हणते. पुढच्या वर्षी प्रत्येक तालुक्यात एक ठेवायचंय, सुरुवात याच महिन्यात कोल्हारच्या बाजारापासून. बाजारात न्यायचं, लोकांनी आत जाऊन दोन ओळी गायच्या, ज्याचा आवाज आवडेल त्याचं गाणं काढायचं. मोहिमेचं नाव मी सुचवलं: 'तुमचा आवाज, आमचं गाणं'. करणसरांना इतकं आवडलं की मीटिंगमध्ये सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या.

या आवाजघरातून निघालेला पहिला आवाज रंगुबाईचा. पाथर्डीकडची ऊसतोड कामगार. मोळी बांधता बांधता गात होती, कुणीतरी व्हिडिओ काढला, कंपनीने तिला शोधून इथे आणलं. 'कोयता माझा बाई वाऱ्यासंगं बोलतो' आता कुठे वाजत नाही? रसवंतीवर, लग्नाच्या डीजेवर, ऊस वाहणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवर. तिच्या गाण्यांचं मार्केटिंग आता माझ्याकडे आलंय. तिला भेटायची फार उत्सुकता आहे.

११ डिसेंबर

भेटली. सकाळी ऑफिस उघडायला गेले तर जिन्याच्या पायरीवर एक बाई बसलेली. हिरवं लुगडं, हातापायांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. मी विचारलं, कोण पाहिजे? काही बोलली नाही. वर आली, आवाजघराच्या दाराला हात लावून उभी राहिली, आणि माझ्याकडे पाहत राहिली. राग होता त्या पाहण्यात.

तिचा नवरा भीमा मागून धावत आला. हीच रंगुबाई, असं त्याने सांगितलं. दिवाळीआधी या पेटीत सलग चार दिवस गायली, आणि तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द नाही. संधी मिळाली की कामावरून निसटून इथे येऊन बसते. मी म्हटलं, घसा बसला असेल. तो म्हणाला, "बसलेला गळा खरखर तरी करतो मॅडम. हिचा गळा बसला न्हाई. गेला."

करणसरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कलाकारांचे असे रुसवेफुगवे असतात म्हणाले, आणि लगेच विषय काढला की तुझं मराठी काय गोड आहे, बाजाराची दवंडी तूच रेकॉर्ड कर ना.

१२ डिसेंबर

केली रेकॉर्ड. पंचवीस मिनिटं आवाजघरात होते. आत इतकी शांतता असते की आपण बोललेलं आपल्यालाच ऐकू येत नाही. शब्द ओठांवरून निघतो आणि फोम त्याला पिऊन टाकतो. बाहेर आल्यावर खूप तहान लागली. दवंडी मात्र झकास झालीय. 'या हो या, आपला आवाज घेऊन या!'

१६ डिसेंबर

मुंबईहून रंगुबाईचं नवं गाणं आलं. ताजं, परवा केलेलं. मी करणसरांना विचारलं, ती बोलू शकत नाही तर गायली कधी? ते म्हणाले, आवाज आपल्याकडे आहे ना, मग बाई कशाला लागते? सगळं कॉम्प्युटर करतो. मला पटलं. निदान पटवून घेतलं.

पण तिला न ऐकवता ते बाजारात सोडायचं मला जमेना. दुपारी नदीकाठी ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, कोप्यांवर, गेले. भीमा चुलीपाशी होता, रंगुबाई उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधत होती. मोबाइलवर गाणं लावलं. संगीत सुरू होण्याआधी तीनचार सेकंद नुसती शांतता आहे. त्या शांततेत तिचा आवाज आला, अगदी रोजच्या बोलण्यातला, दमलेला:

"भीमा, पानी दे."

भीमा उठला. हंड्याकडे गेला, तांब्या भरला, वळला, आणि मग त्याला कळलं की रंगुबाईचे ओठ मिटलेले आहेत. तांब्या तसाच हातात. म्हणाला, "मॅडम, ती तिकडं तहानली हाय."

हे वाक्य कॉम्प्युटरला कुणी शिकवलं? मी गाणं सोडणार नाही. तसं करणसरांना लिहून कळवलंय.

१८ डिसेंबर

उत्तर आलं नाही. गाणं परस्पर मुंबईहून सुटलं. आज सगळ्या रस्त्याला तेच वाजतंय.

मुबारकबी सकाळी म्हणाल्या, आज हसली नाहीस. मी हसून दाखवलं. तोंड उघडलं, पोट हललं, पण हसू ऐकू आलं नाही.

२० डिसेंबर

श्रीरामपूरला घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नळी घालून पाहिलं. सूज नाही, गाठ नाही, सगळं निरोगी. 'आ' करा म्हणाले. मी केलं. त्यांनी दोनदा विचारलं, करताय ना?

फक्त कुजबुज उरलीय.

२१ डिसेंबर

आईला मेसेज केला, घसा बसलाय, फोन करू नकोस. तिचं उत्तर: अगं, काल तर तासभर बोललीस! किती छान वाटलं. कंपनी सोडणार नाही म्हणालीस, ते बरं केलंस.

काल मी आईशी बोललेले नाही.

आईला लिहिलं, ती मी नव्हते. तिने हसण्याची चित्रं पाठवली.

२२ डिसेंबर

दुपारी बाराची मीटिंग. स्क्रीनवर आम्ही नऊजण. माझा माइक बंद, ओठ बंद. मला माझेच ओठ समोर दिसत होते. करणसरांनी विचारलं, पंकजा, कोल्हारच्या बाजाराची तयारी? आणि माझा आवाज म्हणाला, "हो सर, सगळं मी बघते. चारशे लोक तरी आत घालू."

गोड आवाज. मधे हसलासुद्धा. माझंच हसू.

मी कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात हलवले. वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून धरलं: हे मी बोलत नाही. करणसरांनी ते वाचलं. नक्की वाचलं, कारण त्यांचे डोळे ओळीवरून फिरले. मग म्हणाले, थँक्यू पंकजा, तुझ्यासारखी माणसं कंपनीला हवीत. आणि माझी चौकट बंद झाली. आवाज पुढे बोलतच होता.

राजीनामा पाठवला. पाच मिनिटांत उत्तर: तुम्ही फोनवरून राजीनामा मागे घेतल्याची नोंद झाली आहे.

२३ डिसेंबर

आता कुजबुजही नाही.

मुबारकबींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आज संध्याकाळी मी जिन्यात उभी, आणि त्या विचारत होत्या, कौन है? कोण हाय? घाबरल्या. काठी उचलली. मी त्यांचा हात धरून माझ्या चेहऱ्यावर ठेवला. गालांवरून बोटं फिरवली त्यांनी, मग रडल्या. म्हणाल्या, "असं चोरासारखं नको येऊ बेटी. काय तरी बोल."

मला आई हवी होती. बार्शीला निघून जावं असं दहादा वाटलं. पण २६ तारखेला बाजारात ती पेटी ठेवणार आहेत, आणि लोकांना बोलावणारा आवाज माझा आहे.

नाही जाणार.

२४ डिसेंबर

कोपीवर गेले. जमिनीवर काडीने लिहिलं, परवा पेटी बाजारात येणार. भीमा चौथी शिकलाय, एकेक अक्षर लावत त्याने रंगुबाईला वाचून दाखवलं. ती उठली, पाचटात खोचलेला कोयता काढला, अंगठ्याने धार पाहिली.

मी मान हलवली. हो.

२६ डिसेंबर, बाजारावरून

बोटांना फडकं बांधून लिहितेय —

सकाळी नऊलाच रांग. भाजीवाल्या, शाळेतल्या मुली, शेतकरी, हळदीच्या साडीतली एक नवी नवरी. टेम्पोवरच्या स्पीकरमधून मी ओरडतेय — या हो या, आपला आवाज घेऊन या. मी पाटी धरून रांगेपुढे उभी. 'आत जाऊ नका. माझा आवाज इथेच गेला.' लोक थांबले. वाचायला लागले. तर स्पीकरमधून माझा आवाज म्हणतो, हा आमचा गमतीचा खेळ आहे मंडळी, ही मुलगी मुकी असल्याचं नाटक करतेय. सगळे हसले. माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या.

अकरा जण आत जाऊन आले. बाहेर येऊन पाणी मागत होते — खुणेने — मला दिवस लागले, यांचा आवाज क्षणात —

रंगुबाई रांग तोडून आली. पहिला घाव वायरवर. वायर तुटली. स्पीकर बंद झाला नाही. माझा आवाज तसाच — आता हसत नव्हता, "तिला धरा" म्हणत होता. दोघे धावले. भीमा त्यांना आडवा आला. दुसरा घाव दारावर, तिसरा, चौथा. मी हातांनी फोम ओरबाडला. नखं निघाली. फोमच्या मागे भिंत नव्हती — ओलं, गरम काहीतरी, श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर —

तिने कोयता त्यात घातला.

एकदम कितीतरी माणसं खोकली. ती अकराही. नवी नवरी मोठ्याने रडली आणि आपलं रडणं ऐकून थबकली. मग रांग उरलीच नाही, माणसं पळाली, काहींनी राहिलेल्या फळ्यांवर दगड घातले.

आज घेतलेले आवाज परतले. आमचे नाही. आमचे आधीच मुंबईला गेलेत.

म्हणजे मुंबईला जायचं. रंगुबाईने बोटाने दिशासुद्धा दाखवली, चुकीची. आम्ही दोघी हसलो. आवाज नव्हता, पण हसलो.

२७ डिसेंबर, दुपार

भीमा जीप ठरवायला गेलाय. रंगुबाई माझ्या खोलीत. मागच्या जिन्याने आलोय, मुबारकबींना माहीत नाही.

खाली दार वाजलं.

मुबारकबी विचारतायत, कोण हाय?

माझा आवाज —
"मी पंकजा. किल्ली विसरले. उघडा ना."

मुबारकबी केवढ्या आनंदाने ओरडल्या — "बेटी! आवाज आला तुझा?"

पाय आपटतेय मी. खुर्ची पाडली. त्या म्हणतात, वर मांजर शिरलंय वाटतं. काठीची टकटक दाराकडे —

रंगुबाई कोयता घेऊन जिन्यात. मी मागे. उभ्याने लिहितेय. ही वही ज्याला मिळेल त्याने मोठ्याने वाचावी. स्वतःच्या आवाजात. सगळ्या बाजारांत. त्या पेटीत कुणी —

कडी निघाली.

उंबऱ्यात कुणीच नाही. ऊन आहे नुसतं. आणि आवाज आत आलाय. मुबारकबींना ओलांडून. पायरी पायरीने वर. मला नावाने हाक मारतोय, आईसारखी, लाडाने —

मी ओ देणार नाही, लिहूनसुद्धा नाही. रंगुबाईही नाही. घेतलंस ते घेतलंस, आता एक अक्षर मिळणार नाही, हात माझा आहे, हा अजून माझा आहे आणि मी ओ दे