पाणी संताच्या कमरेला

सकलगृहशासनधुरंधर मातोश्रींच्या चरणी थेओफिलचा सविनय प्रणिपात.

माझी प्रकृती उत्तम आहे. ब्लांदीन मावशीच्या छपरावरील शस्त्रक्रियाही यशस्वी झाली. आपले गुडघे कसे आहेत? कोंबड्या अंडी देतात ना?

नदीविषयी किंचित निवेदन. येथील पुलावरच्या दगडी संताच्या घोट्याला पाणी लागले, की खाली आपल्या गावात तळघरे रिकामी होतात. कमरेला लागले, की सारे टेकडीवरच्या चर्चमध्ये जातात. आज सकाळी ते कमरेला लागले आहे. दूरध्वनी मृतवत् आहे. हा लोंढा सायंकाळी आपल्या दारी पोहोचेल. पाववाल्या आशीलची गाडी दुपारीच. म्हणून हे पत्र त्याच्या हाती.

आशील म्हणाला, "तुझी आई हसून म्हणेल, 'कार्ट्याची पुन्हा थट्टा!' दोनदा घाबरवलंस तिला, आता भोग."

खरे आहे. दोन्ही वेळी मी घोट्याची थाप मारली आणि आपण मद्याची पिंपे व्यर्थ वर वाहिलीत. परंतु कमरेवरून विनोद या खोऱ्यात कोणीही करत नाही. मीसुद्धा नाही.

आशील दारात थांबेल. कोंबड्या राहू द्या.

आई, गाडीत बस.

तुझा,
थेओ